जळणाच्या खोपीतल्या कोंबड्या

आमच्या परसात जळणाची एक खोपी आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, वर जुनी मंगलोरी कौलं आणि दर्शनी बाजूला नीट रचलेल्या निलगिरीच्या ढलप्या. आमच्या कराडकडं अजून पुष्कळ घरांत आंघोळीचा बंब पेटतो, त्यामुळं परसात जळण रचलेलं दिसलं तर कुणाची नजर तिथं थांबत नाही. आमच्या घरी मात्र बंब नाही, गच्चीवर सोलर आहे. त्या ढलप्यांच्या मागं पाच कोंबड्या राहतात.

मार्च 2020 ते नोव्हेंबर 2021, असे वीस महिने मी त्या कॉलनीपासून लपवल्या. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या दोघींनी विचारलं, "आम्हालाही पाळायच्यात गं, पण शेजारी काय म्हणतील? तू कशा झाकल्यास?" डबा खाताना पाच मिनिटांत सांगून होईना, म्हणून लिहायला बसले.

कोंबड्या आल्या त्या अफवेमुळं. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. मामेभाऊ तिथं गावरान पिल्लं महिनाभर वाढवून विकतो. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी आवई उठली आणि चिकनचे भाव पार कोसळले, ते आठवत असेल. त्याच्या एका गिऱ्हाइकानं दोनशे पिल्लांची मागणी ऐन वेळी सोडली. खाद्य तर रोज घालावंच लागतं. ज्याला त्याला वाटत सुटला बिचारा. आम्हालाही पुठ्ठ्याच्या खोक्यात सात पिल्लं देऊन गेला आणि आठवड्याभरात लॉकडाऊन लागला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. शाळा बंद, बाहेर खेळणं बंद. त्याला ती सात पिल्लं म्हणजे सगळं जग झालं.

आणि मलाही. माझ्या आईच्या दहा-बारा कोंबड्या असायच्या. दिवस मावळला की ती त्यांना डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकायची. अंधारात डालग्याच्या फटीतून हात घालून, नुसत्या पाठी चाचपून मोजायची. "एक कमी हाय," म्हणाली की आम्ही बॅटरी घेऊन शेवरीच्या झाडाखाली शोधायला पळायचो. कधी एखादी सापडायची नाही आणि वीस-बावीस दिवसांनी पिल्लांची रांग घेऊन परत यायची. तीस वर्षं शहरगावात काढली, पण कोंबडीच्या पंखाखालच्या त्या ऊबेची आठवण माझ्या हातातून गेलेली नव्हती.

लपवायच्या का, तर उजव्या हाताला गुरुजी आणि माई राहतात. दोघंही माळकरी. गुरुजी निवृत्त शिक्षक, वर्षानुवर्षांचे वारकरी. त्यांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. आमच्या लग्नानंतर घर बांधताना सहा महिने पाणी त्यांच्या विहिरीचं होतं, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू माईंनी करून दिले होते. त्यांच्या भिंतीला लागून कोंबड्या ठेवायच्या हे मला कसंसंच वाटत होतं. मागच्या बाजूला एक भाडेकरू कुटुंब, त्यांच्या धाकट्या मुलीला दम्याचा त्रास. कॉलनीचा लेखी असा काही नियम नव्हता. नगरपालिकेत जाऊन विचारायला हवं होतं, तेही मी केलं नाही. विचारलं आणि "नाही" ऐकावं लागलं तर पोराला काय सांगू, ही भीती होती. तुम्ही माझ्यासारखं करू नका. पालिकेचे नियम, सोसायटी असेल तर तिचे उपविधी, हे पिल्लं आणायच्या आधी विचारून घ्या.

पहिलं खुराडं मी परसाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात केलं. जुनं लाकडी कपाट आडवं पाडलं, पुढं जाळी मारली, वरून हिरवं शेडनेट. रस्त्यावरून दिसायचं नाही, गुरुजींच्या गच्चीवरून दिसायचं नाही. मी स्वतः तिन्ही बाजूंनी फिरून, गच्चीवर चढून, खात्री करून घेतली. इतक्या चांगल्या जागी ठेवल्या या समाधानात तीन महिने गेले. तीच सगळ्यात मोठी चूक होती, पण ते नंतर कळलं.

आधी कोंबड्यांचं नव्हे, कोंबड्याचं सांगते. महिन्याच्या गावरान पिल्लांत नर कोणता, मादी कोणती हे माझ्यासारखीला ओळखता येत नाही. अडीच-तीन महिन्यांत दोघांचे तुरे लाल व्हायला लागले, शेपटीची पिसं वाकायला लागली आणि मी समजले. जूनच्या मध्यावर एका पहाटे चारच्या आधीच थोरल्यानं बांग दिली. पहिल्या बांगेला सूर नसतो, फाटक्या पिपाणीसारखी वाजते, पण सगळी कॉलनी झोपेत असताना ती केवढी मोठी वाटते!

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मी ती अक्षरशः करून बघितली. माहेरून आणलेलं डालगं, त्यावर दोन गोणपाटं, त्यावर जुनी गोधडी. आत मिट्ट काळोख. तरी चारला बांग. नंतर वाचनात आलं की जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये हेच तपासलं होतं. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही साधारण चोवीस तासांनी आपल्या वेळेवर आरवत राहिले. त्यांचं घड्याळ बाहेरच्या उजेडावर नाही, त्यांच्या आतच चालतं. त्याच मंडळींनी पुढं दाखवलं की कळपात मानानं जो थोरला तो आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून. आमच्याकडं तसंच होतं. थोरला आरवायचा, मग धाकटा.

आठव्या की नवव्या दिवशी सकाळी गोधडी उचलली तर थोरला चोच उघडी टाकून धापा टाकत होता, दोन्ही पंख अंगापासून लांब धरलेले. कोंबडीला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला तिचा मुख्य आधार धापण्याचाच. जूनच्या उकाड्यात मी त्याला रात्रभर उकडून काढलं होतं. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून डालगं बंद केलं. जुलैच्या मध्यावर दुधाच्या टेम्पोतून दोघांनाही मामेभावाकडं पाठवलं. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, लागतो तो पिल्लांसाठी. शेजारी असलेल्या जागी पाळायच्या तर कोंबडा ठेवू नये. तो झाकता येत नाही, आणि झाकायला जाऊ नये.

मग पाऊस लागला, आणि कपाटाखाली पाणी मुरायला लागलं.

कोंबडीची विष्ठा कोरडी असेल तर तिला म्हणण्यासारखा वास येत नाही. ओली झाली की जिवाणू तिच्यातल्या नत्राचा अमोनिया करतात, आणि तो डोळ्यांना झोंबतो. खुराडं परसाच्या मागच्या टोकाला, आमच्या घरापासून चाळीस पावलांवर. मला वास येत नव्हता. मी दिवसातून दोनदा जायची, पाणी-खाद्य ठेवून यायची, तेवढ्यापुरतं नाकाला पदर. पण भाडेकरूंची न्हाणीघराची खिडकी तिथून सहा हातांवर होती.

एकदा सकाळी कचरागाडीपाशी त्या घरातली बाई मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडचं ड्रेनेज फुटलंय का हो? रात्री फार वास येतो. पोरीला खिडकी उघडून झोपवता येत नाही."

मी म्हणाले, "बघते हं."

एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी तिनं चेंबर साफ करणाऱ्या माणसाला बोलावलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्यानं फरशी उचकटली, बांबू घातला, पाणी सोडलं, "चोकअप कायच न्हाई" म्हणाला, आणि तिनं कमरेच्या बटव्यातून पाचशेची नोट काढून त्याला दिली. नवऱ्याचं काम लॉकडाऊनमध्ये सुटलं होतं, हे मला माहीत होतं. ती नोट तिनं दोनदा दुमडून हातात धरली होती, द्यायच्या आधी उलगडली. ते मला अजून दिसतं.

त्या रात्री मी आणि नवऱ्यानं खुराडं रिकामं केलं. ओलं तूस पाट्यांनी भरून खड्ड्यात घातलं, वर चुना आणि पालापाचोळा टाकला. कोंबड्या आठवडाभर मोरीशेजारच्या बोळात ठेवल्या. आणि नवं खुराडं कुठं करायचं ते ठरवलं: माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. वास सुटला तर पहिल्यांदा माझ्या भाकरीवर यावा, माशी झाली तर पहिल्यांदा माझ्या ताटावर बसावी. दोन्ही मैत्रिणींना मी हेच सांगितलं. कोंबड्या डोळ्यांआड करायला वेली आणि लाकडं पुरतात. नाक आणि कान यांचं काम रोजचं आहे, आणि ते रोज तेव्हाच होतं जेव्हा त्रास सगळ्यात आधी आपल्याला होतो.

आता खोपीचं सांगते, हे करताना मला खूप आनंद झाला होता. वखारीतून निलगिरीच्या ढलप्या आणल्या, सगळ्या वीतभर लांबीच्या कापून घेतल्या. लोखंडी चौकट, तिला अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे जाड तारेची चौकोनी जाळी. कोंबडीजाळी म्हणून जी षट्कोनी तारेची जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवते, पण मांजर किंवा घूस बाहेर ठेवत नाही, तार दातानं तुटते. वेल्डमेशच्या बाहेरून ढलप्या तारेनं बांधल्या, गोल तोंडं बाहेर, खऱ्या रचलेल्या जळणासारख्या. एकमेकींत बोटभर फटी सोडल्या, त्यातून हवा खेळते. वरच्या वीतभर पट्ट्यात ढलप्या नाहीतच, नुसती जाळी, कारण गरम हवा वरून निघून जायला हवी. एप्रिलात आमच्याकडं पारा चाळिशीला टेकतो. ढलप्यांचाच एक भाग बिजागरीवर बसवला, तो दार. कडी आतल्या बाजूला, दोन ढलप्यांच्या मधून बोट घातलं की लागते. पत्र्यावर माहेरच्या पाडलेल्या घराची कौलं टाकली. पावसाचा ताडताड आवाज मोडला, आणि आत ऊनही उतरत नाही. पत्रा चहूबाजूंनी दीड फूट बाहेर काढला, जमीन वीटभर उंच केली. पाणी परत कधी आत आलं नाही.

खोपीला लागून दहा बाय पाचचा मोकळा जाळीचा भाग, त्यावर घोसाळ्याचा मांडव. पहिल्या वेळी वेल जाळीच्या आतून चढवली तर चोच पोहोचते तिथवरचं सगळं पान कोंबड्यांनी चार दिवसांत संपवलं. मग बाहेरून चढवली. खालच्या अंगाला अडुळसा आणि गवती चहा लावला. अडुळशाच्या कडू पानाला त्यांनी एकदा चोच लावून सोडून दिली. मग सगळं असं हिरवं झालं की बघणाऱ्याला फक्त घोसाळ्याची पिवळी फुलं दिसावीत. घोसाळी मी अर्ध्या कॉलनीला वाटली.

वासाचं काम रोज सकाळी दहा मिनिटांचं. कोंबडी रात्रभर दांडीवर बसते आणि निम्म्याच्या आसपास शी तिथंच होते. म्हणून दांडीच्या खाली एक फळी, तिच्यावर चुलीची राख. सकाळी उलथण्यानं खरवडून पाटीत. खाली जमिनीवर चार बोटं भाताचं तूस, ते खुरप्यानं रोज खालवर करायचं. त्यात मका भरडीची मूठ फेकली की अर्धं काम कोंबड्याच उकरून करतात. तूस मुठीत दाबायचं. मूठ उघडल्यावर ते मोकळं झालं तर ठीक, गोळा राहिला तर ओल जास्त, थोडं काढून नवं घालायचं. पावसाळ्यात अधूनमधून चुन्याची भुकटी. पाटीतलं खत लगेच झाडाला घालू नका, झाड जळतं. पाल्यात मुरवून चार-सहा महिन्यांनी घाला. आमच्या लिंबाला दोन वर्षांत जी लिंबं लागली ती आधीच्या आठात लागली नव्हती.

आवाजाचं गणित वेगळं. कोंबडी अंडं घातल्यावर कोकलते, पाच-दहा मिनिटं सगळ्या गल्लीला सांगत राहते. ते बहुतेक सकाळी आठ ते अकरात असतं, त्या वेळी रस्त्यावर भाजीवाला, भंगारवाला, कुकरच्या शिट्ट्या असतात. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नये. त्रास पहाटेचा, दार उघडा म्हणून त्या ओरडतात तेव्हाचा. त्यावर उपाय म्हणजे रात्रीच आत खाद्य आणि पाणी ठेवणं. उजाडल्यावर त्या खात बसतात आणि मी साडेसहाला निवांत दार उघडते. अंड्याच्या खोक्याला गोणपाटाचा पडदा लावला. अंधार, आडोसा असला की कोंबडी घाबरून ओरडत नाही. एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं. पाच जणींना अर्ध्या किलोच्या वर. सांडलेलं खाद्य रात्री झाडून घ्यायचं आणि साठा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. उंदीर झाले की शेजारी आधी उंदरांची तक्रार करतात आणि उंदीर कुठून येतात ते शोधत कोंबड्यांपर्यंत पोहोचतात.

सप्टेंबरात पहिलं अंडं आलं. पांढुरक्या बदामी रंगाचं, सुपारीपेक्षा जरा मोठं, अजून कोमट. मुलानं ते दुपारपर्यंत हातात धरलं होतं.

जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्याची बातमी आली. टीव्हीवर दिवसभर तेच. लोकांना 2006 चं नवापूर आठवलं, देशातला पहिला बर्ड फ्लू तिथंच सापडला होता. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "आपल्याकडे कुणी कोंबड्या पाळतं का?" एकामागून एक "नाही", "नाही" येत गेलं. मी उत्तर दिलं नाही. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आले, मांडवावर बारीक जाळी टाकली म्हणजे कावळे-पारवे आत उतरू नयेत, माहेरच्या कोंबड्यांत गेलेली चप्पल घरी आणायची नाही असं ठरवलं, रोज प्रत्येकीचा तुरा आणि डोळे बघितले. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस आधीच दिलेली होती, पण ती वेगळ्या रोगाची, बर्ड फ्लूवर तिचा उपयोग नाही. हे सगळं केलं, पण ग्रुपवर गप्प राहिले. कुठं रोग निघाला की भोवतालच्या एक किलोमीटरातले पक्षी मारावे लागतात, हे मला माहीत होतं. म्हणजे तो प्रश्न चौकसपणाचा नव्हता, त्यांना ते कळायला हवं होतं. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

2021 च्या दसऱ्यानंतर कोंबड्यांनी पिसं टाकायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी हे होत नाही, दुसऱ्या वर्षी दिवस लहान होऊ लागले की जुनी पिसं गळून नवी येतात, आणि तोवर अंडी बंद. माझी तयारीच नव्हती. खोपीत जणू उशी फुटली होती. रोज झाडायची, तरी वारा सुटला की एखादं पीस मांडवातून वर जायचं. एका सकाळी बघितलं तर गुरुजींच्या तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यात, पणतीच्या शेजारी, एक तांबूस पीस अडकलं होतं. माई पाणी घालायला आल्या. त्यांनी ते दोन बोटांत उचललं, उन्हात धरलं आणि भिंतीवर ठेवून दिलं, आमच्या बाजूला. मी खिडकीतून मागं सरकले. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही.

नोव्हेंबरात मामीच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळे एका रात्रीसाठी पाटणला गेलो. खाद्य-पाणी भरपूर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तर खोपीचं दार सुतळीनं बांधलेलं. कडी बाहेरून दिसत नाही, पण जिथं कडी आहे बरोबर तिथंच, दोन ढलप्यांच्या मधून सुतळी ओवून गाठ मारलेली. ती गाठ माझी नव्हती. मी साधी मारते. ही नीट चापून मारलेली, एक टोक लांब ठेवलेली, ओढलं की सुटेल अशी. आणि खोपीच्या तळाशी, जिथं माती थोडी उकरलेली होती, तिथं पाच विटा ओळीनं लावलेल्या. पाचही कोंबड्या दांडीवर होत्या, एकीच्या शेपटीची पिसं गेलेली.

मी बराच वेळ त्या गाठीकडं बघत उभी राहिले. मग केस नीट केले आणि गुरुजींच्या दारात गेले.

ते ओसरीवर चष्मा पुसत बसले होते. मला बघून म्हणाले, "बोका होता. काळा. रात्री दोनला तुझ्या कोंबड्यांनी गलका केला. मी काठी घेऊन आलो तर पंजा आत घातलेला. भिंतीवरून उतरायला जरा वेळ लागला, नाहीतर पिसं गेली नसती."

माझ्या तोंडातून शब्द निघेना. शेवटी विचारलं, "गुरुजी, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"त्या वर्षी वारी नव्हती बघ," ते म्हणाले. 2020 मध्ये पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या दिवसांत घरी. वारीत मुक्कामाच्या गावाला कोंबडं आरवलं की आम्ही उठतो, तंबू गुंडाळतो. त्या वर्षी अंथरुणातच जाग यायची आणि कळायचं नाही उठून करू काय. मग एका पहाटे तुझं आरवलं. मी उठलो, आंघोळ केली आणि अंगणात हरिपाठ म्हणत फेऱ्या मारल्या. महिनाभर रोज. मग एक दिवस आरवायचं बंद झालं. मी माईंना म्हटलं, पोरीनं पाठवून दिला वाटतं."

माई आतून चहा घेऊन आल्या. त्या गुरुजींसारख्या हळव्या नाहीत, थेट बोलतात. म्हणाल्या, "कोंबड्या पाळल्यास त्याचं काही नाही. माझ्याही आईकडं होत्या, माळ घालायच्या आधी. पण माझ्याशी घोसाळ्यावर बोलत होतीस ना दोन वर्षं, तेव्हा एकदा सांगायचं होतंस. आता ऐक. अंड्याची टरफलं कचरागाडीत उघडी टाकू नकोस, माझ्या दारावरून जाते ती. चुरून झाडात घाल. आणि इथं कॉलनीत कापायची नाही कुठलीच. म्हातारी झाली की गावाला पाठव, तिथं काय ते."

दोन्ही कबूल केलं. टरफलं मी आता भाजून, कुटून कोंबड्यांच्याच खाद्यात घालते, त्यांना चुना मिळतो. आणि पिसं गळायच्या दिवसांत वृंदावनाच्या बाजूला जुनं नऊवारी लुगडं पडद्यासारखं लावते.

त्याच संध्याकाळी मागच्या घरी गेले. पाचशे रुपये पाकिटात घातले होते. सगळं सांगितलं, चेंबरचा माणूस, खिडकीतून बघत होते तेही. तिनं ऐकून घेतलं. पाकीट घेतलं. म्हणाली, "ताई, मला वाटायचं आमच्याच मोरीचा वास. मालकाला मी किती बोलले त्यावरून." त्यानंतर ती माझ्याशी बोलते, पण पहिल्यासारखी थांबून नाही. ते तिचं बरोबर आहे. कॉलनीच्या ग्रुपवरही मी लिहिलं की आमच्याकडे पाच कोंबड्या आहेत, कुणाला वास, माशी, आवाज कशाचाही त्रास झाला तर सरळ दार वाजवा. एकानं हरकत घेतली, येऊन बघून गेला, तूस मुठीत दाबायला लावलं मी त्याला, आणि परत काही म्हणाला नाही.

ढलप्या मात्र मी काढल्या नाहीत. आतला आडोसा कोंबड्यांना आवडतो, आणि माईंना तुळशीला पाणी घालताना जळणच दिसलेलं बरं. गुरुजींची सुतळीही दारावर आहे, बोक्यासाठी कडीवर दुहेरी म्हणून.

यंदा फाल्गुनात तांबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. खोक्यातून उठेना, हात लावला की फुगून अंगावर येते. आमच्या अंड्यांतून पिल्लं व्हायची नाहीत, म्हणून मामेभावाकडून कोंबड्यातली नऊ अंडी आणली आणि परवा रात्री अंधारात तिच्याखाली सरकवली. एकेक अंडं तिनं चोचीनं स्वतःच पोटाखाली ओढून घेतलं. काल गुरुजींनी भिंतीवरून विचारलं, "किती दिवस लागतात गं?" म्हटलं, एकवीस. ते आत गेले. खिडकीतून दिसलं, कालनिर्णयासमोर उभे राहून ते बोटानं चौकटी मोजत होते, आणि मग खिशातलं पेन काढलं.